मागाची शेड, बायकोचे दागिने आणि स्वतःचा स्टुडिओ

ताई, मी ३६ वर्षांचा आहे. पूर्व भागात, अशोक चौकाजवळ घर आहे. शाळेत कंत्राटावर संगीत शिकवतो, संध्याकाळी क्लास घेतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. स्वतःच्या चाली पुष्कळ आहेत, मराठीत आणि तेलुगूतही. खाली वडिलांची यंत्रमागाची शेड आहे, १४ बाय २२ फूट. चारपैकी दोनच माग चालू आहेत, तेही कधीमधी. वडील म्हणतात, विकून टाकू. तिथं स्टुडिओ करावा असं मनात आहे. खर्चाचा अंदाज ८ लाख. त्यातले ५ बँकेकडून आणि ३ बायकोचे दागिने मोडून. सध्या तासाला ५०० रुपये देऊन रेकॉर्डिंग करतो, कधी पुण्याला जातो. घड्याळाकडे बघत गाणं होत नाही, ताई. बायको म्हणते, "स्टुडिओ झाला की तुम्ही घरात असून घरात नसणार." शेडमध्ये धाकट्या भावाचाही हिस्सा आहे, तो काहीच बोलत नाही. माझं चुकतंय का?
– एक वाचक, सोलापूर

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा गाणारी बाई म्हणून आणि एकदा स्टुडिओवाल्याची बायको म्हणून. त्या दोघींचं एकमत होईना, म्हणून उत्तराला उशीर झाला.

जुळे सोलापुरात आमच्या घराच्या मागच्या बाजूला आम्ही २००४ साली स्टुडिओ बांधला. हे तबला वाजवायचे आणि ध्वनिमुद्रणाचं बघायचे, मी गायचे आणि हिशेब बघायचे. त्यामुळे तुम्ही जे स्वप्न बघताय ते मी आतून बघितलेलं आहे. त्याच्या भिंतीतली वाळवीसुद्धा.

तुमच्या बायकोचं वाक्य आधी घेते, कारण तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय आणि मला ते अनुभवाचं वाटलं. आमच्याकडे स्टुडिओच्या दारावर लाल दिवा होता. तो लागला की घरात मिक्सर बंद, कुकर बंद, टीव्ही बंद. सासूबाईंनी मिक्सर सोडला आणि शेंगाचटणी उखळात कुटायला घेतली, तर ते मिक्सरपेक्षा वाईट. मिक्सरचा आवाज हवेतून येतो, दार घट्ट लावलं की निम्मा मरतो. उखळाचा ठोका जमिनीतून येतो आणि माईकच्या स्टँडमधून सरळ गाण्यात शिरतो. एका अभंगात अंतऱ्याच्या समेवर नेमका असा एक ठोका आहे. आम्ही तो काढला नाही, कारण तालात होता.

हे हसण्यावारी गेलं. पण पाण्याचं गेलं नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, आणि ते कधी येईल ते आपल्या हातात नाही. पाणी आलं की मोटर लावायची, आणि आत गिऱ्हाईक तासाचे पैसे देऊन उभं. मोटर थांबवली तर पुढचं पाणी येईपर्यंत घर कोरडं, न थांबवली तर टेक वाया. या एका गोष्टीवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून झाली नसतील. मुलगा लहान होता, तो जिन्यात बसून अभ्यास करायचा आणि चवड्यांवर चालायचा. पाहुण्यांना वाटायचं, किती शहाणं पोर. ते शहाणपण नव्हतं हो, ती सवय लागली होती.

आणि हे? हे घरातच असायचे. रात्री अकराला जेवायला बोलवावं तर "पाच मिनिटं" म्हणायचे. स्टुडिओतली पाच मिनिटं म्हणजे दीड तास असतो हे लग्नाआधी सांगत नाहीत. बाहेरच्या स्टुडिओत गेलेला माणूस कधीतरी घरी परत येतो. घरातल्या स्टुडिओत गेलेला माणूस परत आला असं म्हणायची सोयच नसते. तुमची बायको हे बांधकामाच्या आधी ओळखून आहे. तिला नशीबवान समजा, मला कळायला तीन वर्षं गेली.

आता तुमच्या घड्याळाकडे येते.

१९९८ साली माझी एक कॅसेट निघाली होती. आठ अभंग, पुण्याच्या स्टुडिओत, दोन दिवसांत. भाड्याचा प्रत्येक तास अंगावर यायचा. रात्रीच्या गाडीने गेलो, सकाळी तोंड धुऊन माईकसमोर उभी राहिले. एका अभंगात माझा श्वास चुकलाय, एकात हार्मोनियमचा भाता ऐकू येतो. आजही कुणी भेटलं की त्याच कॅसेटबद्दल बोलतं. मग स्वतःचा स्टुडिओ झाल्यावर २००५ साली आम्ही दुसरे आठ अभंग घेतले. घड्याळ नाही, भाडं नाही, ऑपरेटर घरचा. किती वर्षं लागली सांगू? सहा. त्यातल्या एका अभंगाचे ४१ टेक आहेत. एकेचाळिसावा सुरात अगदी चोख आहे, आणि ऐकताना वाटतं की ही बाई बँकेत फॉर्म भरतेय. तोवर कॅसेट संपली होती, सीडीही निघाली होती परतीच्या वाटेला. ते आठ अभंग अजून एका हार्ड डिस्कमध्ये आहेत. दोन डिस्क होत्या, एक गेली.

तुम्ही म्हणता, घड्याळाकडे बघत गाणं होत नाही. गाणं सुचत नाही हे खरं. पण सुचलेलं गाणं पुरं व्हायला घड्याळासारखं काही नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनसाठी गायल्या, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची. रात्र रात्र चालणारी गायकी त्यांनी तेवढ्यात बसवली, आणि शेवटी आपलं नावही इंग्रजीत सांगून मोकळ्या झाल्या. तीन मिनिटं ही काही कलेची गरज नव्हती, मेणाच्या तबकडीची होती. तरी त्या अडचणीतून एक बांधेसूद गाणं तयार झालं, आणि आपण अजूनही गाण्याची लांबी साधारण तेवढीच धरतो.

माझा मुलगा असलं काहीबाही वाचत असतो. त्यानं मला अमेरिकेतल्या टॉम शोल्झ नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. पोलरॉइड कंपनीत इंजिनियर. नोकरी करता करता घराच्या तळघरात स्टुडिओ उभारला आणि 'बॉस्टन' या त्याच्या बँडचा पहिला अल्बम बराचसा तिथंच केला. १९७६ साली तो आला आणि तुफान चालला. दुसरा १९७८ साली आला, आणि तिसरा? १९८६ साली. आठ वर्षं! कंपनीशी कोर्टकज्जे झाले हे खरं, पण मूळ दुखणं आमचंच. तळघर स्वतःचं, कुणी बाहेर काढणारं नाही, मग "अजून जरा" संपणार कधी? मला हे ऐकून बरं वाटलं. आमचा रोग सोलापुरी नाही तर.

तुम्ही कदाचित म्हणाल, मग रहमानचं काय? बरोबर आहे, स्टुडिओचं नाव निघालं की सगळे हेच उदाहरण देतात. चेन्नईत कोडंबाक्कमच्या घराच्या परसात ए. आर. रहमान यांनी पंचतन रेकॉर्ड इन उभा केला आणि १९९२ सालच्या 'रोजा'चं संगीत तिथून आलं. रात्री काम करायची मुभा, एकेक वाद्य थराथरानं चढवायची मुभा, चूक झाली तर कुणाचे पैसे न बुडवता पुन्हा करायची मुभा, हे सगळं स्वतःच्या जागेनं दिलं यात शंका नाही. पण त्या गोष्टीतला अर्धा भाग लोक सांगत नाहीत. तिथं एच. श्रीधर यांच्यासारखा ध्वनिमुद्रक होता, ज्याचे कान रहमान यांच्याइतकेच तयार होते. आणि चित्रपट म्हटला की प्रदर्शनाची तारीख असते, दिग्दर्शक असतो, त्याला गाणं आवडावं लागतं. म्हणजे खोली स्वतःची होती, पण तारीख दुसऱ्याची आणि कान दोघांचे. तुमच्या आठ लाखांच्या अंदाजात खोली आहे. बाकीचं कुठंय?

आमच्याकडे हे दोन्ही नव्हतं. हे माझे नवरे, यांना माझं गाणं आवडायचंच. किंवा भांडण झालेलं असलं तर आवडायचंच नाही. दोन्ही मतं निरुपयोगी. भाड्याच्या स्टुडिओतला तो कंटाळलेला ऑपरेटर, जो चहाचा कप ठेवत म्हणतो, "ताई, पहिलाच चांगला होता," त्याची किंमत मला घरी आल्यावर कळली.

पैशाचं बोलते. हिशेब माझ्याकडे असायचा म्हणून मला राहवत नाही. ५ लाख, १२ टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता ११,१२२ रुपये होतो. तुम्ही आज जो दर देता तोच, तासाला ५००, तुम्ही लावलात तर महिन्याला सव्वाबावीस तास फक्त बँकेसाठी. त्यावर वीज, एसी, दुरुस्ती. दागिन्यांचे तीन लाख तर मी धरलेच नाहीत, आणि ते कधी परत करायचे याचा तुमच्या पत्रातही उल्लेख नाही. तेवढे तास भरायला गिऱ्हाईक लागेल. आणि गिऱ्हाईक कोण असतं ते ऐका.

निवडणूक आली की प्रचारगीतं. एकाच चालीवर तीन उमेदवार, नाव तेवढं बदलायचं. एकदा आमच्याकडून एका गाण्यात चुकून आधीच्या उमेदवाराचं चिन्ह राहून गेलं आणि रिक्षा अर्ध्या वॉर्डात फिरून आली. एप्रिलमध्ये जयंतीची गाणी, मग गणपती मंडळांची, मग नवरात्र. भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाची. शाळांच्या गॅदरिंगसाठी गाणी कापून जोडून द्यायची. होटगी रोडच्या साड्यांच्या सेलची रिक्षातली घोषणा मी स्वतः केलीय, "चला चला चला" म्हणून, आणि ती ऐकून माझी गाणं शिकणारी मुलगी रस्त्यात थांबली होती.

मी याला नावं ठेवत नाही. मुलाची इंजिनियरिंगची फी प्रचारगीतांनी भरली. शिवाय त्या खोलीमुळे जे ऐकायला मिळालं ते मी एरवी कधी ऐकलं नसतं. कन्नड वचनं म्हणणाऱ्या बायका यायच्या, बार्शीकडचा एक शाहीर यायचा, मार्कंडेय रथाच्या मिरवणुकीसाठी तेलुगू गाणी करणारी तुमच्याच भागातली मुलं यायची, उर्दू 'नात', म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, गाणारा एक शिंपी यायचा, त्याचा आवाज असा की हे तबला बाजूला ठेवून ऐकत बसायचे. शाहीर राम जोशींच्या गावात चार भाषांचं गाणं एका खोलीत येतं, आणि त्या खोलीची किल्ली आपल्याकडे असते. हे सुख पैशात सांगता येत नाही. तुम्हाला दोन भाषांत चाली सुचतात, म्हणजे तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त मिळेल.

पण हप्ता डोक्यावर असला की गिऱ्हाईक निवडता येत नाही. स्वतःची चाल नेहमी "हे काम झालं की" मध्ये जाते. रात्री दहाला गिऱ्हाईक गेल्यावर त्याच खुर्चीत, त्याच पडद्यासमोर बसून स्वतःचं गाणं करावंसं वाटत नाही. बाहेरचं ताट वाढून थकलेल्या बाईला स्वतःसाठी भाकरी टाकायचा जसा कंटाळा येतो, तसं.

आता शेड. इथं मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते, कारण पूर्व भागातली जमीन गप्प नसते. तुमचे माग विकले तरी शेजारच्यांचे चालूच राहणार. माग फरशीला आवळलेला असतो, धोट्याचा प्रत्येक ठोका पायात उतरतो आणि एका घरातून दुसऱ्या घरात जातो. आमच्या उखळाची गोष्ट आठवा आणि तिला मिनिटाला शंभरावर ठोक्यांनी गुणा. याला भिंतीवर लावलेला फोम काही करू शकत नाही. फोम, चादरी, अंड्यांचे ट्रे, हे सगळं खोलीच्या आतला घुमारा कमी करायला असतं. बाहेरचा आवाज थांबवायला वजन लागतं आणि मध्ये पोकळी लागते. आम्हाला एका कंत्राटदारानं पुठ्ठ्याचे ट्रे आणि थर्माकोल लावून "साउंडप्रूफ" करून दिलं. बाहेरच्या रिक्षा पहिल्यासारख्याच ऐकू यायच्या. दोन पावसाळ्यांनंतर त्यात वाळवी निघाली. शिवाय तो सगळा माल पेट घेणारा, हे विजेच्या वायरिंगजवळ लावलं होतं याचा आता विचार केला तरी काटा येतो.

सोलापुरात चादरी स्वस्त म्हणून लोक भिंतीभर चादरी टांगतात. आम्हीही टांगल्या होत्या. चादर वरचे, तीक्ष्ण स्वर शोषते, खालच्या स्वरांना तिचं काही सोयरसुतक नाही. म्हणजे खोली गप्प होत नाही, बोबडी होते. आमची खोली दहा बाय दहा, आणि उंचीही दहाच. चौकोनी ठोकळा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज उभा राहतो, म्हणजे जवळपास पांढरी सहाचा खोल खर्ज. आमच्याकडे लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी तोच. खोली तो स्वर फुगवायची, म्हणून हे तो कमी करायचे, आणि गाणं मंडळाच्या स्पीकरवर गेलं की पातळ ताकासारखं लागायचं. दोन वर्षं आम्ही स्पीकर बदलत राहिलो. दोष खोलीच्या मापात होता. तुमची १४ बाय २२ त्या मानानं देवानं दिलेली आहे. तिचे चौकोनी तुकडे पाडू नका एवढं ऐका. कोपऱ्यांमध्ये चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) फ्रेमा, कापडात मढवून, हे सुताराकडून करून घ्या. त्यात जेवढा पैसा जाईल तेवढा सत्कारणी.

एसीचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण खोली बंद केली की हवा बंद होते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो. टेक चालू असताना एसी बंद करावा लागतो. चार मिनिटांचं गाणं संपेपर्यंत गायक घामाघूम, तबल्याची पुडी कोरडी पडून सूर वर चढलेला. आम्ही उन्हाळ्यात पहाटे पाचला काम करायचो. मागवाल्यांनाही विचारा, शेजारचे माग कधी बंद असतात. आठवडाभर वहीत वेळा लिहा. रोज एकदा दुपारी, एकदा रात्री, एकदा पहाटे शेडच्या मधोमध मोबाइल जमिनीवर ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. हे फुकट आहे आणि कुठल्याही कंत्राटदारापेक्षा खरं बोलेल.

विजेचं एक सांगते, कारण यात भलेभले अडकतात. मागाची जोडणी सवलतीच्या दरातली असते. तीच वायर पुढे ओढून स्टुडिओ चालवू नका. ज्या कामासाठी जोडणी घेतली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. स्टुडिओला वेगळी जोडणी घ्या आणि अर्थिंग नवं करा. नाहीतर ५० हर्ट्झची ती बारीक गुणगुण प्रत्येक गाण्यात तुमच्याबरोबर गाईल.

भाऊ काही बोलत नाही असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. माझ्या मते सगळ्या पत्रात तीच ओळ सर्वांत महाग आहे. सामाईक जागेत पाच लाखांच्या भिंती उभ्या केल्या आणि उद्या त्याच्या मुलाच्या शिक्षणाला पैसे लागले, तर त्या भिंती कुणाच्या? त्याला आत्ता बोलतं करा, आणि जे ठरेल ते कागदावर घ्या. ठरेपर्यंत पैसा भिंतीत घालू नका. उचलून नेता येईल अशाच वस्तू घ्या.

स्वतःच्या स्टुडिओच्या बाजूनं एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. माझ्या १९९८ च्या कॅसेटचे मला एकरकमी पैसे मिळाले, मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कंपनीकडे राहिली. आज ते अभंग यूट्यूबवर आहेत, लाखोंनी ऐकले जातात, आणि माझं तिथं नावही धड लिहिलेलं नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणणाऱ्या निर्मात्याकडे असतो आणि प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं टिकतो. तुम्ही स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या जबाबदारीवर गाणं ध्वनिमुद्रित केलंत तर ते निर्माते तुम्ही. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्कही पक्का केलाय. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हा, पुढं ढकलू नका. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांशी एका पानाचा का होईना लेखी करार करा, मित्र असला तरी. मित्र असला तर आधी करा. मला वाटतं, तुमच्या पिढीनं घरी रेकॉर्डिंग करावं याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. पण बघा, या हक्काला आठ लाख लागत नाहीत. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकानं १९८२ साली भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर नुसता कच्चा खर्डा म्हणून गाणी घेतली होती. मग बँड घेऊन ती पुन्हा चांगल्या स्टुडिओत करून बघितली, जमली नाहीत, आणि शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' अल्बम म्हणून बाहेर आली. (हीही गोष्ट मुलाचीच.)

तर माझं मत. दागिने मोडू नका, तो विषय बायकोशी पुन्हा काढूही नका. बँकेचे पाच लाखही नकोत. तुमच्याकडे कॉम्प्युटर असेलच. माईक कॉम्प्युटरला जोडणारा दोन चॅनेलचा साधा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माईक, बंद कानांचे चांगले हेडफोन, पाच इंची स्पीकरची जोडी आणि त्या कोपऱ्यातल्या फ्रेमा, एवढं सव्वा ते दीड लाखात बसतं. दोन ऑर्केस्ट्रा सीझनची कमाई. जे दोन माग बंद आहेत तेवढीच जागा घ्या, चालू असलेले वडिलांना हवे तोवर राहू द्या. ते थांबतील तेव्हा तुम्ही गा.

हेडफोनचा आवाज कमी ठेवा. मागवाल्यांच्या घरात वाढलात, मोठ्यानं बोलायची आणि मोठ्यानं ऐकायची सवय असणार. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर ऐकलं की कान जायला लागतात, मग तो आवाज मागाचा असो की मालकंसाचा.

पहिलं वर्ष गिऱ्हाईक घेऊ नका. तासाच्या ५०० रुपयांचे जे पैसे वाचतील तीच कमाई समजा. चार गाणी ठरवा, दोन मराठी, दोन तेलुगू, आणि प्रत्येकाची तारीख बायकोला कॅलेंडरवर लिहायला सांगा. तिनं लिहायची, तुम्ही नव्हे. त्या तारखेला गाणं जसं असेल तसं बाहेर. आणि शेवटचा ऐकणारा घरचा नको. जिथं आज तासाला ५०० देता त्या ऑपरेटरला महिन्यातून एकदा दोन तासांचे पैसे देऊन तुमच्याकडे बोलवा आणि नुसतं ऐकायला बसवा. तो जांभई देईल तिथं गाणं कापा. आमच्या स्टुडिओत सगळं होतं, जांभई देणारा माणूस नव्हता.

लाल दिवा लावू नका. आठवड्याचे दिवस आणि तास आधी ठरवा, पाण्याचा दिवस त्यातून वगळा, आणि तास संपला की शेडला बाहेरून कुलूप लावून किल्ली स्वयंपाकघरात टांगा. हे ऐकायला पोरकट वाटेल. आमच्याकडे दहाव्या वर्षी हे सुरू झालं, आणि त्यानंतर यांनी गरम भाकरी खाल्ली.

पत्रात एक राहिलंय. शेडची लांबी-रुंदी लिहिलीत, उंची लिहिली नाही. वर स्लॅब आहे की पत्रा, तेही नाही. पत्रा असेल तर मला आत्ता सांगितलंय त्यातलं निम्मं बदलावं लागेल, तेव्हा टेप लावून मोजा आणि कळवा. भावाला टेपचं दुसरं टोक धरायला बोलवा.

तुमची,
ताई